सुई तिची, सही कुणाची?

पिशोरमध्ये मेडिकलचं दुकान चालवणाऱ्या माणसाला गावाच्या दोन गोष्टी कळतात. कुणाला काय झालंय ही एक, आणि त्याला औषध कोण देतंय ही दुसरी. माझी झोप उडते ती दुसरीमुळे.

चिठ्ठीवर डॉक्टरांचं नाव, डिग्री, नोंदणी क्रमांक असतो. माझ्या बिलावर माझा परवाना क्रमांक असतो. रात्री दोन वाजता सलाईनच्या नळीत इंजेक्शन सोडणाऱ्या पोरीचं नाव मात्र कुठेच नसतं. तालुक्यापासून जिल्ह्यापर्यंत कितीतरी खासगी नर्सिंग होम अशा पोरींच्या जिवावर चालतात. बारावी झालेली, बाप कापसात नाहीतर अद्रकीत बुडालेला, पगार विचारू नये असा. पांढरा कोट चढवला की ती सिस्टर. पोरगा असला तर ब्रदर. आठ दिवस जुनी सिस्टर नवीला शिरा दाखवते आणि नवव्या दिवशी नवी एकटी नाइटला.

या पोरींना निदान औषध देण्यापुरतं तरी रीतसर शिकवा, परीक्षा घ्या, सर्टिफिकेट द्या, असं म्हटलं की दवाखान्यांचे मालक एकदम अर्थतज्ज्ञ होतात. खर्च कोण करणार? छोटी हॉस्पिटलं बंद पडतील. शेवटी पेशंटच्याच बिलात येईल. का हो, बिलात रोजची एक ओळ ‘नर्सिंग चार्जेस’ म्हणून आधीच असते. ती सध्या कशाची असते?

कायद्याला दोष देऊन उपयोग नाही. महाराष्ट्राचा शुश्रूषागृह नोंदणी कायदा १९४९ चा आहे. शुश्रूषा करणाऱ्यांत पात्र परिचारिकांचं योग्य प्रमाण नसेल तर नोंदणी नाकारता येते, असं तो तेव्हापासून सांगतोय. फाइलीत ते योग्य प्रमाण असतंच. दोन-तीन जीएनएम नर्सच्या सर्टिफिकेटच्या झेरॉक्स लावल्या की झालं. त्या बाया इमारतीची पायरी कधी चढल्या का, हे तपासायला आलेला माणूस चहा पिऊन जातो. (आमच्या धंद्यातल्यांनी यावर नाक मुरडू नये. भाड्याच्या सर्टिफिकेटवर चालणारी मेडिकल महाराष्ट्राला नवी नाहीत. फार्मसिस्ट पुण्याला नोकरीत आणि त्याची फ्रेम इकडे भिंतीवर.) वृद्धाश्रमांची तर आणखी मजा. कायद्याच्या व्याख्येत आजाराबरोबर दुर्बलताही आहे, पण अंथरुणाला खिळलेली माणसं ठेवणारे म्हणतात, आम्ही उपचार करत नाही, फक्त सांभाळतो. मग सकाळ-संध्याकाळ वाटतात त्या चौदा गोळ्या काय प्रसाद म्हणून?

खर्चाचंच बोलायचं तर न शिकवण्याची किंमत आधी मोजू. इन्सुलिनपासून सुरू करू. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या बाटलीत एका मिलीला ४० युनिट असतात; तिच्यासाठी लाल टोपणाची सिरिंज. पेनात बसणाऱ्या कार्ट्रिजमध्ये मिलीला १०० युनिट. त्या ताकदीच्या सिरिंजला नारिंगी टोपण. आता पेन बिघडला म्हणून कार्ट्रिजमधलं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने ओढलं आणि २० च्या रेघेपर्यंत भरलं, तर म्हातारीच्या अंगात ५० युनिट जातात. पहाटे ती घामाने डबडबते, मग बरळते, मग निपचित पडते. सगळे म्हणतात, वय झालं होतं. “काका, टोपणाचा रंग दुसरा असला तर चालतं ना?” असं माझ्या काउंटरवर विचारणारी पोर भेटली, तेव्हा मला तिचा राग आला नाही. ती निदान विचारत होती. नाकातल्या नळीतून द्यायची म्हणून बारा-चोवीस तासांत हळूहळू सुटणारी बीपीची गोळी खलबत्त्यात कुटणारे तेवढंही विचारत नाहीत. दिवसभराचा डोस एका दमात पोटात, आणि बीपी का पडलं म्हणून वर धावपळ.

आणि पोरींच्या शिक्षणावर खर्च होत नाही असं कुणी सांगितलं? होतो, फक्त तो पोरी करतात. आमच्या ओळखीतल्या एकीने शहरातल्या एका इन्स्टिट्यूटला वर्षाची फी भरली. बापाने शेळ्या विकल्या. हातात आलं सोनेरी किनारीचं, कुठल्याशा बोर्डाच्या नावाचं सर्टिफिकेट. महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदणीला त्याचा काडीचा उपयोग नाही. तिथे एएनएम अभ्यासक्रमाची दोन वर्षं किंवा जीएनएमची तीन वर्षं लागतात. मालकाने ते सर्टिफिकेट पाहिलं, खूश झाला आणि पगार तोच ठेवला. सरकारी कौशल्य योजनेत जनरल ड्युटी असिस्टंट आहे, पण त्याचं काम अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं, बेडपॅन देणं. औषध त्याच्या कामात बसत नाही. म्हणजे तळाला बेडपॅन, माथ्यावर दोन-तीन वर्षं शिकलेली नर्स, आणि मधल्या पायऱ्या कुणी बांधल्याच नाहीत. जिना मात्र रोज वापरात आहे.

अमेरिकेत टेक्सास राज्यात वृद्धांच्या नर्सिंग होममधल्या सहायकाला औषध द्यायचं तर १४० तासांचं वेगळं शिक्षण आणि वर परीक्षा. नर्सचा पगार वाचवायची ही पळवाट, असा आक्षेप त्यावर घेता येतो, आणि तो मला पटतो. पण पळवाटेला १४० तास लावणारे आणि आठ दिवसांत काम उरकणारे यांच्यात फरक आहे.

टेक्सास लांब वाटत असेल तर गडचिरोलीला या. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायांना नवजात बाळं तपासायला, जंतुसंसर्ग ओळखायला, जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलं. एका बाळामागे खर्च ५.३ डॉलर. म्हणजे कमी शिकलेल्या बाईच्या हातात सुई देणं हा गुन्हा नव्हे. पण त्या बाईकडे लिहून ठेवायचा तक्ता होता, ठरलेली लक्षणं होती, मोजून दिलेला डोस होता आणि ठरावीक दिवसांनी येऊन तिचं काम तपासणारा डॉक्टर होता. घोडं पेंड खातं ते इथे. सर्टिफिकेट स्वस्त असतं. महाग असतो तो तपासणारा माणूस, आणि आमच्या मालकांना टाळायचा आहे तोच.

पैसे नाहीत हे तर सांगूच नका. जून २०२१ मध्ये केंद्राने कोविडसाठी एक लाख आरोग्य सहायक तयार करायचा झटपट अभ्यासक्रम जाहीर केला, २७६ कोटींचा. माणशी २७,६०० रुपये. आग लागली की पैसे निघतात. वीस खाटांच्या दवाखान्यात असे पाच जण शिकवायचे तर १ लाख ३८ हजार. दर्शनी भागातल्या काचेला आणि एलईडी पाटीला किती लागले, ते मालकांनीच आठवून पाहावं.

चूक झाल्यावर काय होतं, तेही आपण पाहिलंय. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळच्या घाटंजी तालुक्यात कापसी-कोपरीला १२ मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं वाचली. समुदाय आरोग्य अधिकारी, आशा आणि अंगणवाडी सेविकेवर कारवाई झाली. पण त्यांना शिकवलं किती, तपासलं कुणी, हेही विचारायला हवं. ती माणसं सरकारी यादीत तरी होती. आमची नाइटची पोर तर कुठल्याच यादीत नाही. तिच्या हातून कुणी दगावलं तर दुसऱ्या दिवशी मालक सांगणार, ती तिथे कामाला नव्हतीच.

म्हणून माझी मागणी साधी आहे. औषध देणाऱ्या सहायकाचा वेगळा, सरकारमान्य अभ्यासक्रम काढा. फी दवाखान्याने भरायची, पोरीच्या पगारातून कापायची नाही. तिच्या पाळीला देखरेख करणाऱ्या नोंदणीकृत नर्सचं नाव वॉर्डात लावा. औषधाच्या तक्त्यावर प्रत्येक डोसपुढे देणारीची सही आणि नर्सची सही, दोन्ही घ्या. शुश्रूषागृहांच्या २०२१ च्या सुधारित नियमांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद भिंतीवर लावायला सांगितली आहे, तिच्याशेजारी ही नावं मावतील. आणि बिलातल्या ‘नर्सिंग चार्जेस’समोर त्या नर्सचा परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक छापा. क्रमांक नसेल त्या दिवसाचे पैसे पेशंटने भरू नयेत.