प्राणी कोणास म्हणावें ?

गेल्या भाद्रपदांत आम्ही घरचीं सर्व मंडळी सांगलीहून साताऱ्यास जाऊन तेथून कासचें पठार पाहण्यास गेलों होतों. सह्याद्रीच्या ज्या निवडक स्थळांना २०१२ सालीं जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत हें पठार आहे. जांभ्या खडकावर 'दवबिंदू' नांवाचें लालसर, इवलेंसें रोप दिसलें. त्याच्या पानावरील चिकट थेंबांत एक चिलट अडकलें होतें. तें पाहून नऊ वर्षांच्या पुतणीनें विचारलें, "आजोबा, हें झाड किडा खातें, मग तें प्राणी कां नव्हे?"

वहिनी म्हणाल्या, "अग, तें जागचें हलत नाहीं ना !" पण वडिलांस तें पटलें नाहीं. आपण अंगठींत पोवळें घालतों, तो समुद्रांत एकाच जागीं चिकटून राहणाऱ्या प्राण्यांनीं रचलेला सांगाडा होय. तेव्हां हलणें ही कांहीं खरी खूण नव्हे.

खरी खूण अशी : प्राण्याचें शरीर अनेक पेशींचें असतें, त्या पेशींभोंवतीं वनस्पतींसारखी टणक भिंत नसते, आणि त्याला आयतें अन्न मिळवून जगावें लागतें. दवबिंदूचें पान हिरवें असून उन्हाच्या साह्यानें आपलें अन्न स्वतः करतें. नापीक खडकावर नत्र मिळत नाहीं, तेवढी उणीव तें कीटकावर भागवितें. म्हणून तें वनस्पतीच. उलट, अळंबी झाडासारखी उगवते, पण वंशानें ती झाडांपेक्षां प्राण्यांना जवळची आहे !

आपल्या पूर्वजांनीं जीवांचे जरायुज, अंडज, स्वेदज व उद्भिज्ज असे चार वर्ग जन्माच्या रीतीवरून केले. युरोपांत लिनीअसनें १७५८ सालीं प्राण्यांस दुहेरी नांवें देण्याची पद्धत रूढ केली. आज शरीररचना व वंश यांवरून वर्ग ठरतात. म्हणूनच देवमासा हा मासा नव्हे, आणि वटवाघूळ हा पक्षी नव्हे.

हें सारें पुस्तकी वाटेल. पण परततांना पाटण तालुक्यांत एका आप्तांकडे उतरलों असतां निराळाच अनुभव आला. परसांत खणतांना ओल्या मातींतून वळ्यावळ्यांचा, काळसर जीव निघाला. "साप, साप !" असा ओरडा झाला, आणि गड्यानें फावड्यानें त्याचे दोन तुकडे केले. वडिलांनीं जवळ जाऊन पाहिलें. अंगावर सापासारखे खवले दिसत नव्हते. त्वचा ओलसर होती. तोंडांत मात्र बारीक दांत होते, तेव्हां तें गांडूळही नव्हे. तें होतें देवगांडूळ : पाठीचा कणा असलेलें, पाय नसलेलें, बेडकांच्या गोतांतलें उभयचर. याच तालुक्यांत कोयनेजवळील हुंबरळी येथें सांपडलेली देवगांडुळाची एक जात २००४ सालीं शास्त्रास नवी म्हणून नोंदली गेली. तिच्या नांवांत 'महाराष्ट्र' आहे.

पुतणी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे आपण त्याचें नांव चुकलों, म्हणून तें मेलें."

याहून नेमकें मला सांगतां येणार नाहीं. वर्गीकरण म्हणजे केवळ परीक्षेसाठीं पाठ करावयाची यादी नव्हे. पावसाळ्यांत परसांत असा जीव दिसल्यास वाचकांनीं मुलांना दूर उभें करावें, हात लावूं नये, आणि काठी उचलण्यापूर्वीं क्षणभर नीट पाहावें. साप असला तरी वाट दिल्यास तो बहुधा निघून जातो. आणि देवगांडूळ असलें, तर त्यापासून भिण्याचें कारणच नाहीं.