पुरानंतर मुलांना कुठे ठेवावे?

पावसाळ्याच्या तोंडी या पानावर आपण दरवर्षी तेच ते लिहितो. बियाणे उंचावर ठेवा, जनावरांना घटसर्प-फऱ्याची लस टोचून घ्या, पाणी उकळून प्या. हे सारे बरोबरच आहे. पण २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय या नद्यांनी बेळगाव जिल्ह्यात जो हाहाकार केला, त्यानंतर आणखी एक गोष्ट या यादीत यायला हवी होती. ती अजून आलेली नाही. ती म्हणजे पुरातून वाचलेल्या मुलांची मने.

त्या वेळी एका शाळेत उघडलेल्या छावणीत मी औषधे वाटायला जात असे. तिथे नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा होता. अंगावर ओरखडाही नाही. जेवायच्या रांगेत नीट उभा राहायचा, विचारले तर "बरा आहे" म्हणायचा. छावणीतल्या बायका कौतुक करीत, किती शहाणे पोर, त्रास म्हणून देत नाही! पाचव्या दिवशी त्याच्या आजीने मला बाजूला घेतले. "बाई, पोरगं रोज रात्री हातरूण भिजवतंय. आणि दिवसभर त्या सुतळीचा खेळ बघा की."

पाहिले तर तो खिडकीच्या गजाला सुतळीची गाठ मारी, सोडी, पुन्हा मारी. जवळ बसून राहिले. बऱ्याच वेळाने तो आपणहून म्हणाला, "दावं सुटलं न्हाई माझ्याकडनं." पाणी गोठ्यात शिरले तेव्हा बापाने त्याला म्हशीचे दावे सोडायला सांगितले होते. गाठ भिजून आवळली होती. पाणी कमरेला लागले, तशी बापाने त्याला उचलून बाहेर काढले. म्हैस गेली. घरात कोणी त्याला बोल लावला नव्हता. मात्र त्याविषयी कोणी त्याच्याशी एक शब्द बोललेही नव्हते, पोराला आठवण नको म्हणून.

लहान मुलाचा हिशेब आपल्यापेक्षा वेगळा असतो. घडलेल्या अनर्थाचे कारण ते स्वतःतच शोधते. मी रडलो म्हणून, मी ऐकले नाही म्हणून, माझ्या हातून गाठ सुटली नाही म्हणून. आणि हे ते सांगत नाही. ते अंथरूण ओले करते, आईचा पदर सोडत नाही, पोटात दुखते म्हणते आणि डॉक्टरला पोटात काही सापडत नाही, पत्र्यावर पाऊस वाजला की दचकते, किंवा घडलेलाच प्रसंग पुन्हा पुन्हा खेळत बसते. थोडी मोठी मुले चिडखोर होतात, नाहीतर एकदम गप्प आणि कामसू होतात. बैलाने वैरणीला तोंड लावले नाही की आपल्याला लांबून कळते. पोराने खेळणे सोडले तर आपण त्याला समंजस झाला म्हणतो!

बहुतेक मुलांची ही लक्षणे काही आठवड्यांत कमी होत जातात. पण त्यासाठी त्यांना काहीतरी मिळावे लागते, आणि तेच आपण नेमके त्या वेळी काढून घेतो. ते म्हणजे त्यांची माणसे.

आता मी जे लिहिणार आहे ते आपल्यातल्या काहींना आवडणार नाही. आपल्या समाजात बोर्डिंगची परंपरा मोठी आहे आणि तिने कितीतरी गरीब मुलांना शिकवले, हे मी मान्य करते. म्हणूनच कुठे पूर आला, भूकंप झाला, की आपल्या मनात पहिला विचार येतो तो मुलांना उचलून शहरात एखाद्या वसतिगृहात नेण्याचा. त्या मुलालाही एका भल्या गृहस्थांनी अशी जागा देऊ केली होती. बाप तयार झाला होता. म्हैस गेलेल्या माणसाला एक तोंड कमी होणे ही लहान गोष्ट नव्हे. आजीने मात्र साफ नकार दिला, आणि माझ्या मते घरात तिलाच सर्वांत जास्त कळत होते. दाव्याचा अपराध घेऊन बसलेल्या मुलाला घरातून पाठवले असते, तर त्याने ती शिक्षाच समजली असती.

हे केवळ आजीचे शहाणपण नव्हे. १९३९ च्या सप्टेंबरात युद्ध सुरू होताच इंग्लंडमध्ये बॉम्बच्या भीतीने लाखो मुलांना शहरांतून खेड्यापाड्यांत परक्या घरी पाठवण्यात आले. पुढे लंडनवर खरोखरच बॉम्ब पडू लागले. तेव्हा ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या दोन बाईंनी तिथे हॅम्पस्टेड भागात लहान मुलांसाठी पाळणाघरे चालवली आणि मुलांचे बारकाईने निरीक्षण लिहून ठेवले. त्यांना दिसले ते असे, की आई जवळ असेल आणि ती स्वतः घाबरून गेली नसेल, तर मूल बॉम्बचा आवाजही पुष्कळसा पचवते. आईपासून ताटातूट मात्र त्याला पचत नाही. म्हणून त्यांनी आयांना केव्हाही भेटायला मुभा दिली. आणि ज्यांना घरी ठेवणे शक्यच नव्हते, त्या मुलांचे छोटे छोटे गट करून प्रत्येक गटाला एक ठरलेली बाई दिली, तीच न्हाऊ घालणार, तीच निजवणार. कोणतेही वसतिगृह चालवणाऱ्यांनी एवढे तरी घ्यावे.

कोणी किल्लारीचे उदाहरण देईल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन करून लोक नुकतेच झोपले असताना, दगडमातीच्या जाड भिंती अंगावर आल्या आणि हजारो माणसे गेली. त्यानंतर भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली सुमारे १२०० मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली आणि त्यांना शिकवून उभे केले. त्या कार्याला मी हात जोडते. ज्याच्या घरात कोणी उरलेच नाही, किंवा घर आहे पण शिक्षणाची सोयच नाही, त्याला आधार हवाच. पण ज्याचे आईबाप, निदान आजी-चुलते जिवंत आहेत, त्याच्यासाठी जमवलेला पैसा आधी त्या घरावर पत्रा घालायला, दोन शेळ्या घ्यायला खर्च व्हावा. मूल आपोआप घरात राहील.

याईराच्या मुलीचा प्रसंग आपण मिस्सेत कितीदा ऐकतो. प्रभूने रडारड करणारी गर्दी बाहेर काढली, आईबापांना मात्र आत घेतले, आणि मुलगी उठल्यावर तिला खायला द्यायला सांगितले. काय झाले, कसे वाटले, असे तिला कोणी विचारल्याचे शुभवर्तमानात नाही.

आपल्या छावण्यांत नेमके उलटे होते. येणारा प्रत्येक पाहुणा मुलाला जवळ घेऊन पुराची हकिगत सांगायला लावतो, वर फोटो काढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये काढलेल्या पुस्तिकेत स्पष्ट सांगितले आहे की संकटातून आलेल्या माणसाला बोलण्याची सक्ती करू नये. बोलला तर ऐकावे. त्या मुलाच्या बाबतीत मी एवढेच केले की बापाला गाठीची गोष्ट सांगितली. संध्याकाळी तो पोराजवळ बसला आणि म्हणाला, "भिजलेली गाठ मला बी सुटली नसती रं." पोर खूप रडले. अंथरूण कोरडे व्हायला दिवाळी उजाडली. पुढे घरात रेडकू आले, त्याचे दावे बांधणे-सोडणे त्याच्याकडेच दिले. जोराचा पाऊस लागला की अजूनही तो रात्री उठून गोठ्यात एक फेरी मारतो, असे आजी सांगते.

महिना उलटूनही मुलाची झोप, जेवण, शाळा रुळावर येत नसेल तर थांबू नये. आणि ते मरणाच्या गोष्टी बोलत असेल तर एक दिवसही थांबू नये. १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर दिवसरात्र फुकट सल्ला मिळतो, मराठीतही. बेळगावकरांना धारवाडची मानसिक आरोग्य संस्था जवळ आहे. यात लाज कसली? पाय मोडला तर आपण दवाखान्यात नेतोच.

शेवटचा मुद्दा शाळेचा. घंटा, हजेरी, तोच बाक, तेच गुरुजी, यातून मुलाला कळते की जग अजून जागेवर आहे. पण २०१९ मध्ये कितीतरी शाळांच्याच छावण्या झाल्या आणि मुलांना शाळेतच राहून शाळा नव्हती. आपल्या चर्चचा हॉल मोठा आहे, उंचावर आहे, मागे विहीर आहे. पूर आला तर छावणी पहिल्या दिवसापासून हॉलमध्ये न्यावी आणि शाळा मोकळी ठेवावी, असे माझे म्हणणे आहे. हॉलचे भाडे बुडेल आणि लग्नाच्या तारखा पुढे ढकलाव्या लागतील, हा आक्षेप मी आधीच ऐकला आहे. ऑगस्टात आपल्याकडे लग्ने किती होतात, ते नोंदवहीत पाहून सांगावे. मे महिन्याच्या पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत हा विषय मी मांडणार आहे. ज्यांना पटतो त्यांनी त्या दिवशी हजर राहावे.