पत्रातली माणसं, पंगतीतली माणसं

मैत्रिणींनो, पत्रातला नुसता ‘बरं’सुद्धा कधी कधी फणकाऱ्याचा वाटतो, नाही का? ‘डेबियन’ ही संगणकप्रणाली १९९३ पासून देशोदेशीचे स्वयंसेवक घरबसल्या घडवतात, फुकट वाटतात. सारा व्यवहार लेखी, रुसवेफुगवेही लेखीच! पण २००० पासून, कोरोनाची दोन वर्षं सोडली तर, ही मंडळी दरवर्षी कुठेतरी जमतात. २०२३ मध्ये कोचीला जमली होती. काहीजण आधीच येऊन शेजारी शेजारी बसून कामं उरकतात. ज्याचं काम परक्यांच्या संगणकात जाणार, तो आहे तरी कोण? ओळखपत्र बघून मगच एकमेकांच्या डिजिटल सहीला दुजोरा द्यायचा. आणि एका संध्याकाळी जो तो आपल्या गावचं चीज, खाऊ मांडतो. मला विचाराल तर निम्मी भांडणं तिथंच मिटत असावीत. सोबत वाइनही असते, बरं का!