काळी, पिवळी आणि अप्रेझल

तर मंडळी, गेल्या रविवारी मी ढसाढसा रडले. ब्रेकअप नाही, ईएमआय नाही. एका गुलाबी-निळ्या कार्टूनसाठी! धरमपेठेतल्या माझ्या वन रूम किचनमध्ये, कुलरच्या घरघरीत, पुढ्यातले तर्री-पोहे गार करून. शेजारच्या काकूंनी दारावर टकटक करून विचारलं, "काय झालं गं? घरी सगळं बरं आहे ना?" आता त्यांना काय सांगू, की जपानमधल्या दोन जादूगार पोरींचं भांडण मिटलं नाही म्हणून रडून राह्यली?

हा 'मॅजिकल गर्ल' प्रकार आपल्या पिढीला नवा नाही. शाळेचा युनिफॉर्म, एक चमचमतं लॉकेट, एक गिरकी, आणि बाईसाहेब जग वाचवायला तयार! जपानी टीव्हीवर हे १९६६ च्या 'सॅली'पासून चालू आहे. १९९२ मध्ये 'सेलर मून' आली आणि मामला जगभर गेला. आपल्याकडे होती सोनपरी. २००० ते २००४, स्टार प्लस, मृणाल कुलकर्णी सोनेरी ड्रेसमध्ये आणि तन्वी हेगडेची फ्रूटी. काळी परीसुद्धा होती तिथे. पण तिच्याशी वैर एकदम सोपं. ती वाईट, आपण चांगले, विषय संपला. होमवर्क करून झोपा.

जपान्यांनी मात्र फार लवकर ओळखलं, की खरी मजा (आणि खरा त्रास) दोन चांगल्या पोरींना समोरासमोर उभं करण्यात आहे. १९७४ च्या 'मेगुचान'मध्ये मेगु आणि नॉन दोघी जादूच्या राज्याच्या राणीपदाच्या उमेदवार. खुर्ची एकच. २००४ च्या 'नानोहा'मध्ये नानोहा आणि फेट एकाच प्रकारच्या रत्नांमागे धावतात. फेटला ती हवीत, कारण रिकाम्या हातांनी घरी गेली की आई मारते. बोला, हिला व्हिलन म्हणायचं कसं?

पण मला रडवलं ते 'मादोका मॅजिका'नं. २०११ ची, अवघ्या १२ भागांची सीरिज. (स्पॉयलर अलर्ट! बघायची असेल तर सरळ शेवटच्या दोन परिच्छेदांवर या.) क्यूबे नावाचा पांढरा, मांजरासारखा प्राणी मुलींकडे येतो. डील सिंपल. तुझी कुठलीही एक इच्छा पूर्ण करतो, बदल्यात तू चेटकिणींशी लढायचं. तो खोटं कधीच बोलत नाही. फक्त न विचारलेलं सांगत नाही. ऑफर लेटरचा बारीक टाइप आठवला ना?

सायाका ही निळी. तिनं मागितलं ते स्वतःसाठी नव्हेच. तिला आवडणाऱ्या मुलाचा व्हायोलिन वाजवणारा हात अपघातात निकामी झालाय, तो बरा होऊ दे, एवढंच. लाल ती क्योको. सदा काहीतरी खात असणारी, तोंडाळ, आपल्यापुरतं बघणारी. पहिल्याच भेटीत दोघी एकमेकींच्या जिवावर उठतात. कारण ऐका. जादू वापरली की पोरींचं आत्म्याचं रत्न काळं पडत जातं आणि ते साफ करायचं तर पाडावी लागते चेटकीण. चेटकिणी मोजक्याच. मग क्योको म्हणते, छोट्या पिल्लांना कशाला मारतेस? चार-पाच माणसं खाऊन ती मोठी होऊ देत, मग मार, म्हणजे रत्न साफ करायचा माल मिळेल. सायाकाला हे ऐकूनच किळस येते.

पुढे कळतं, की क्योकोनंही कधीकाळी दुसऱ्यासाठीच मागितलं होतं. वडील धर्मोपदेशक, त्यांचं कोणी ऐकेना. लोकांनी त्यांचं ऐकावं एवढीच तिची इच्छा. ती पूर्ण झाली, गर्दी झाली. मग वडिलांना कळलं की ही जादू आहे. त्यांनी मुलीलाच चेटकीण ठरवलं, घरच्यांना संपवलं आणि स्वतःलाही. हे सगळं क्योको सायाकाला सांगते ते त्यांच्या पडक्या चर्चमध्ये, हातात सफरचंदं घेऊन. एक तिलाही देते. तिच्या परीनं ते सॉरीच आहे. सायाका विचारते, हे विकत घ्यायला पैसे कुठून आले? उत्तर नाही. मग मला नको!

इथे मी पॉज केलं. कारण ते सफरचंद मी ओळखते.

माझी एक रूमी होती. मास कॉमला दोन वर्षं आम्ही एकाच खोलीत काढली. एकच गाद्यांचा जोड, एकच स्कूटी, फुटाळ्यावर मक्याचं कणीस अर्धं-अर्धं. पुढे एकाच ऑफिसात ट्रेनी लागलो. पर्मनंट जागा एक. आमचे साहेब आम्हा दोघींना वेगवेगळं बोलवायचे आणि तेच वाक्य ऐकवायचे, की तुझं जवळजवळ नक्की आहे, फक्त ती जरा पुढे आहे. हे दोघींना सांगितलं जातंय, हे कळायला मला दीड वर्ष लागलं. क्यूबेसारखं म्हणावं तर क्यूबे निदान खोटं बोलत नव्हता.

एका रात्री रूमी खिडकीत बसून म्हणाली, "ऐक ना, एक जबरी स्टोरी आहे डोक्यात." सगळी सांगितली. दोन वाजले होते. सोमवारच्या मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, काय नवीन? आणि मी तोंड उघडलं. तिच्याकडे बघितलं नाही. तीही काही बोलली नाही. संध्याकाळी स्कूटीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवून ऑटोनं गेली. जागा मला मिळाली. वर्षभरात ती सोडून मी फ्रीलान्स झाले, ती वेगळी गोष्ट. माझ्या पोर्टफोलिओत ती स्टोरी अजून पहिल्या पानावर आहे.

आता तुम्ही म्हणाल, यात सिस्टिमचीच चूक. बेल कर्व्हमध्ये कोणालातरी खाली बसवावंच लागतं, मग टीम लीडर काय करेल? बरोबर आहे, बॉस. क्यूबेचाही फंडा तोच. पोरी खचल्या की त्यातून ऊर्जा निघते आणि ती त्याला हवी असते. त्या एकमेकींवर भाले-तलवारी उगारत असतात तेव्हा त्याला काही करावंच लागत नाही. पण त्या सोमवारी तोंड क्यूबेनं नाही उघडलं. मी उघडलं.

सीरिजमध्ये सायाका शेवटी स्वतःच चेटकीण होते. रत्न पूर्ण काळं पडलं की हेच होतं, आणि तेच क्यूबेनं सांगितलेलं नसतं. तिच्यामागे जाते कोण? क्योको. जी म्हणायची दुसऱ्यासाठी काही करू नये, तीच सायाकाला परत आणायला जाते. जमत नाही, तेव्हा तिला एकटीला न सोडता तिच्याबरोबर संपते. नवव्या भागातच! पोहे गार झाले ते इथे.

आणि कहानी में ट्विस्ट बघा. त्याच रात्री मोबाईल वाजला. तीन वर्षांनी रूमीचा मेसेज. "मारबत पाहाले येतेस का?"

नागपूरकरांना सांगायला नको. बाहेरून आलेल्यांसाठी सांगते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इतवारी-महालाच्या गल्ल्यांतून दोन अगडबंब बायका निघतात. काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची, असं सांगतात. काळीचा संबंध कोणी पूतनेशी लावतात, कोणी इंग्रजांशी हातमिळवणी करणाऱ्या बाकाबाई भोसल्यांशी. जागनाथ बुधवारीतल्या पिवळीला मात्र लोक हात जोडतात, लेकरं तिच्या पायाशी नेतात. सोबत बडगे, ज्यांच्यावर त्या-त्या वर्षीचा राग निघतो. महागाई, भ्रष्टाचार, जे असेल ते. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" ओरडून घसा बसतो. गर्दीत दोघी समोरासमोर येतात तेव्हा काय कल्ला होतो! आणि मग? एकीला हात जोडले, दुसरीला शिव्या घातल्या, तरी जाळतात दोघींनाही. लहानपणी मला याचं फार वाईट वाटायचं. पिवळीनं काय केलं होतं?

रूमीच्या मेसेजला मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. हे सफरचंद कुठून आलं, असा प्रश्न माझ्याकडे नव्हताच. उलटा होता. तिनं विचारलं तर? "काऊन गं, ती स्टोरी कोणाची?" असं भर इतवारीत, ढोल-ताशात तिनं विचारलं तर मी काय सांगणार?

तिसऱ्या दिवशी लिहिलं, "येते. पण आधी एक बोलायचंय." सेंड केलं आणि मोबाईल उशीखाली ढकलला. पाच मिनिटांनी काढला. तिनं एवढंच लिहिलं होतं, "माहितेय मले. स्कूटी आण. ऑटोवाले त्या दिवशी इतवारीत येत नाहीत."

स्कूटीची बॅटरी डाऊन आहे. उद्या सकाळी आधी गॅरेज.