डे-केअरमधला पेशंट इनडोअर की आउटडोअर?

क्रोन्सवरच्या गेल्या अंकातील लेखमालेनंतर आलेल्या पत्रांत औषधांविषयी फारसे काही नाही. बहुतेकांची तक्रार एकच: मशीन घेतले, आतड्याची सोनोग्राफी शिकलो, पण प्रोब टेकवायचा कुठे?

जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या एका सदस्यांचे पत्र नमुन्यादाखल पाहा. त्यांचे इन्फ्लिक्सिमॅबचे पेशंट शून्य, दोन, सहा आणि मग दर आठ आठवड्यांनी डे-केअरमध्ये येतात. सलाइन चालू असते, पेशंट निवांत पडलेला असतो. टर्मिनल आयलियमची जाडी मोजायला याहून चांगली वेळ नाही. पण मशीनची नोंदणी तळमजल्यावरच्या खोलीची आणि डे-केअर दुसऱ्या मजल्यावर. पीसीपीएनडीटी नियमांतील २०१२च्या दुरुस्तीनुसार पोर्टेबल मशीन नोंदणीकृत आवारातच आणि तेही इनडोअर पेशंटसाठीच फिरवता येते. मग दोन तासांसाठी आलेला पेशंट इनडोअर की आउटडोअर? सदस्यांनी समुचित प्राधिकाऱ्यांच्या कार्यालयात लेखी विचारले. उत्तर आले, ‘नियमानुसार कार्यवाही करावी.’ पेशंट ५२ वर्षांचा पुरुष आहे, त्याच्या पोटात गर्भ सापडण्याची शक्यता किती, हे विचारायचे त्यांनी टाळले. मशीनला सील लागले तर सोडवायला कोण धावणार? शेवटी सलाइन संपल्यावर पेशंटला खाली आणायचे ठरले. तोवर त्याची एसटी सुटायची वेळ झालेली असते.

कायद्याला आमचा विरोध नाही. असा कायदा देशात सर्वांत आधी, १९८८ साली, महाराष्ट्राने केला आणि गर्भलिंग सांगून पैसे मिळवणारे आपल्याच पेशातले होते, हे विसरून तक्रारीचा सूर चढवण्यात अर्थ नाही. नोंदणी हवी, तपासणीही हवी. मागणी एवढीच, की डे-केअरमधल्या पेशंटला काय समजायचे ते एकदा कागदावर यावे. नियम केंद्राचा असला तरी खुलासा मिळवून त्याचे एकपानी परिपत्रक काढायला राज्याच्या आरोग्य खात्याला कोणी हात धरून थांबवलेले नाही. उपकरण किंवा जागा बदलायची तर ३० दिवस आधी कळवा, हे डॉक्टरांना बजावणाऱ्या खात्याने आपल्या उत्तरालाही एखादी मुदत घालून घ्यावी.

या गोंधळाचा भार पेशंटवर पडतो. सोनोग्राफीची कटकट नको म्हणून विशीतल्या मुलाला पुन्हा सीटी एंटरोग्राफीला पाठवले जाते. क्रोन्स आयुष्यभराचा, त्यामुळे रेडिएशनची बेरीजही आयुष्यभराची. एमआर एंटरोग्राफीत रेडिएशन नाही, पण दर तीन महिन्यांनी लिटर-दीड लिटर द्रव पिऊन मशीनमध्ये झोपायला कोण तयार होईल? फिस्टुलाला एमआर लागेलच. रेक्टम सोनोग्राफीत नीट दिसत नाही, तेव्हा तिथे स्कोपही टळणार नाही. पण औषध लागू पडते आहे का, एवढेच पाहायला प्रोब पुरतो. जर्मनीतल्या ट्रस्ट अभ्यासात २३४ क्रोन्स पेशंटमध्ये उपचारानंतर तीन महिन्यांत भिंतीची जाडी कमी झालेली दिसली. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये तर हा फरक दोन आठवड्यांतच दिसू लागतो.

आता थोडे घरचे. परिपत्रक उद्या निघाले तरी आपल्यातले कितीजण प्रोब हातात घेतील? ‘पोट दुखत नाही ना? मग तेच चालू ठेवा’ असे म्हणून बायोलॉजिकचा पुढचा डोस लिहिणारे कमी नाहीत. स्ट्राइड-२ची उपचार-उद्दिष्टे २०२१मध्ये येऊन इतकी वर्षे झाली, तरी सीआरपीपलीकडे पाहायचे नाही, कॅलप्रोटेक्टिन महाग म्हणून सांगायचे नाही. रेडिओलॉजिस्ट मंडळींचीही तऱ्हा निराळी नाही. ‘माइल्ड वॉल थिकनिंग, क्लिनिकल कोरिलेशन’ या रिपोर्टवरून पुढच्या वेळी कशाशी तुलना करायची? ५.५ मिमी होती ती ३.५ झाली, हे कळले तर औषध बदलायचे की नाही ते ठरेल. ‘माइल्ड’चे ‘मिनिमल’ झाले, यावरून काही ठरत नाही.

तेव्हा सदस्यांनो, दोन कामे करा. नोंदणीबाबत अडलेल्या प्रत्येकाने कार्यालयाशी झालेला लेखी व्यवहार आमच्याकडे पाठवावा. नावे गाळून आम्ही तो एकत्र आरोग्य सचिवांपुढे ठेवू. आणि आपल्या रेडिओलॉजिस्टला आजच फोन करा: आतड्याच्या प्रत्येक रिपोर्टवर कोणता भाग, भिंत किती मिमी, डॉप्लरवर रक्तप्रवाह किती आणि मागच्या वेळी काय होते, या चार गोष्टी लिहिल्याशिवाय सही नको. त्यासाठी कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही.