फोटोवरचा ठप्पा आणि मालावरचा हक्क

कापडाच्या धंद्यात ठप्पा ही नवी गोष्ट नाही. गिरण्यांच्या जमान्यात थानाच्या किनारीवर गिरणीचे नाव छापलेले असे. त्याहीपूर्वी मँचेस्टरहून हिंदुस्थानात येणाऱ्या थानांवर रंगीत चित्रांची तिकिटे चिकटवलेली असत. गिऱ्हाईकाला इंग्रजी वाचता येत नसे, पण तिकिटावरचे चित्र पाहून तो माल ओळखत असे. आज थान गाळ्यातच राहते आणि त्याचा फोटो आधी बाजारात जातो. साहजिकच ठप्पाही थानावरून उठून फोटोवर आला आहे. त्यालाच वॉटरमार्क म्हणतात.

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सुरत, कुठेही जा, पेढीवरचा मुलगा सकाळी आल्याबरोबर फोटो पाठवायला बसतो. त्या फोटोंवर पेढीचे नाव असते, आणि तरीही 'आमचा फोटो चोरला' ही तक्रार काही कमी होत नाही. आमचे मत असे आहे, की ठप्पा मारण्याचे तंत्र आपण शिकलो, पण ठप्पा कशासाठी मारायचा याचा विचार मागे पडला. म्हणून आधी तंत्राबद्दल दोन शब्द आणि मग मुख्य मुद्दा.

एका सीझनला दीडशे डिझाईन धरा. प्रत्येकाचे चार रंग आणि प्रत्येक रंगाचे दोन फोटो, म्हणजे बाराशे फोटो झाले. एकेकावर नाव घालत बसलो तर सीझन निघून जाईल. फोटोशॉपमध्ये यासाठी 'ॲक्शन' नावाची सोय १९९६ च्या चौथ्या आवृत्तीपासून आहे. एका फोटोवर जे जे करायचे ते एकदा करून दाखवायचे. संगणक ते टिपून ठेवतो. नंतर फाईल मेनूत 'ऑटोमेट' आणि त्यात 'बॅच' उघडून फोटोंचा फोल्डर दाखवला, की तेच काम तो बाराशे वेळा न थकता करतो. मुनीमजी चहा पिऊन येईपर्यंत बराचसा फोल्डर तयार असतो.

पण यात काही खड्डे आहेत. बॅचच्या खिडकीत 'सेव्ह अँड क्लोज' निवडले तर ठप्पा मूळ फोटोवरच बसतो आणि कोरा फोटो कायमचा जातो. तयार फोटोंसाठी नेहमी वेगळा फोल्डर द्यावा आणि मूळ फोटोंची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवावी. दुसरी गोष्ट, आपले फोटो काही उभे असतात, काही आडवे. उभ्या फोटोवर टिपलेली ॲक्शन आडव्यावर चालवली तर नाव भलतीकडे जाते, कधी अर्धे कापले जाते. त्यासाठी ॲक्शन टिपताना आधी 'फिट इमेज'ने सर्व फोटो एका मापात आणावेत, आणि नाव हाताने सरकवून बसवण्याऐवजी पूर्ण फोटो सिलेक्ट करून अलाइनच्या बटणाने मधोमध किंवा कडेला लावावे. मग फोटो कसाही असो, नाव आपल्या जागी बसते.

तिसरी अडचण आपल्या लिपींची आहे. फोटोशॉपमध्ये मराठी लिहिताना योग्य सेटिंग नसेल तर जोडाक्षरे फुटतात आणि पहिली वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते. उर्दू लिहिली तर अक्षरे सुटी होऊन उलटी चालतात. पेढीचे नाव असे तुटलेले छापण्यापेक्षा न छापलेले बरे. त्यातला सोपा रस्ता असा. नाव एकदाच नीट लिहून घ्यावे. उर्दू असेल तर इनपेजमध्ये, किंवा चांगल्या कातिबाकडून कागदावर लिहून स्कॅन करून. मग त्याचे पारदर्शक पार्श्वभूमीचे पीएनजी चित्र बनवावे आणि ॲक्शनमध्ये ते चित्रच ठेवावे. एकदा चित्र झाले की लिपीचा प्रश्नच राहत नाही. शिवाय हाताने लिहिलेल्या नस्तालीक नावाची नक्कल दुसऱ्याला सहज जमत नाही, हा फायदा वेगळाच.

फोटोशॉप २०१३ पासून भाड्याच्या पद्धतीवर गेले आहे. लहान पेढीला ते जड वाटते आणि मग चोरीची प्रत बसवली जाते. आपल्या फोटोच्या चोरीविरुद्ध ओरडायचे आणि ठप्पा चोरीच्या सॉफ्टवेअरने मारायचा, हे कोणत्या तोंडाने? इरफानव्ह्यू, एक्सएनकन्व्हर्ट ही छोटी सॉफ्टवेअर हे काम छान करतात, पण ती फुकट आहेत ती घरगुती वापरासाठी. धंद्यासाठी त्यांचा परवाना विकत घ्यावा लागतो. डिजीकॅम मात्र सर्वांना मोफत आहे आणि त्याच्या बॅच यादीत वॉटरमार्कची सोय आहे. एक दिवस बसून शिकले की पुरे.

आता नाव फोटोवर कुठे घालावे? कोपऱ्यात घातले तर मोबाईलवर बोटाने कापून टाकायला दोन सेकंद लागतात. मधोमध ठळक घातले तर मालच दिसत नाही. आम्ही असे फोटो पाहिले आहेत, की ज्यांत साडीपेक्षा फोन नंबर मोठा आहे. खरेदीदाराला विणकर पाहायची असते, बुट्टा पाहायचा असतो, रंग पाहायचा असतो. पांढऱ्या अक्षरांचा फिका पडदा रंगावर आला की रंग एक शेड उतरल्यासारखा दिसतो, आणि मग माल पोचल्यावर 'फोटोत वेगळा होता' म्हणून परत येतो. आमचा सल्ला असा, की नाव काठ आणि पदर सोडून अंगावर, बुट्ट्यावरून तिरके जाईल असे आणि अगदी हलके घालावे. शेड दाखवण्यासाठी त्याच कपड्याचा जवळून काढलेला एक फोटो वेगळा द्यावा, त्यावर फक्त कडेला डिझाईन नंबर.

इतके करूनही ठप्पा पुसला जाणार नाही का? पुसला जाईल. २०१७ साली गुगलच्या संशोधकांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी दाखवले, की एकच वॉटरमार्क शेकडो फोटोंवर जसाच्या तसा असेल तर संगणक ते सर्व फोटो एकमेकांशी ताडून ठप्पा नेमका कसा आहे हे शोधून काढतो आणि मग सगळ्या फोटोंवरून तो एकदम काढून टाकतो. म्हणजे बॅचने काम करण्याची जी सोय, तीच तिची कमजोरी. चोराला एक फोटो पुरला नसता. आपण त्याला बाराशे नमुने दिले. नाव फक्त इकडून तिकडे सरकवल्यानेही फारसा फरक पडत नाही, असे त्यांना आढळले. प्रत्येक फोटोवर ठप्प्याचा आकारच किंचित वेडावाकडा केला तर पुसताना खुणा मागे राहतात. पुढे मार्च २०२५ मध्ये तर गुगलच्याच जेमिनीचे एक मॉडेल सांगितल्याबरोबर फोटोवरचा वॉटरमार्क सफाईने पुसते आणि खालची जागाही भरून काढते, अशा बातम्या आल्या.

काही जण म्हणतात, नाव फाईलच्या आत न दिसणाऱ्या माहितीत लिहावे. जरूर लिहावे, तेही बॅचने होते. पण व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की ती माहिती गळून पडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तरच टिकते. आणि दलाल डॉक्युमेंट उघडायचा कंटाळा करतो, हे बाजारात बसणाऱ्याला सांगायला नको.

मग ठप्पा मारू नये काय? जरूर मारावा, पण तो कुलूप नसून पत्ता आहे हे समजून मारावा. फोटो दहा हातांतून फिरून नागपूरच्या किंवा हैदराबादच्या खरेदीदारापर्यंत गेला, तर माल मूळ कोणाचा हे त्याला कळावे, एवढेच त्याचे काम. कुलूप हवे असेल तर ते कायद्यात आहे, आणि तिकडे आपले लक्षच नाही. डिझाईन कायदा २००० प्रमाणे नव्या डिझाईनची नोंदणी केली तर दहा वर्षांचे संरक्षण मिळते आणि ते आणखी पाच वर्षे वाढवता येते. पण अर्ज करण्यापूर्वी डिझाईन जाहीर झालेले नसावे, अशी अट आहे. म्हणजे ज्या दिवशी आपण नव्या बुट्ट्याचा फोटो ग्रुपवर टाकला, त्या दिवशी नोंदणीचा रस्ता आपणच बंद करायला निघालो, मग त्यावर ठप्पा कितीही सुंदर असो. शिवाय कॉपीराइट कायद्याच्या पंधराव्या कलमाप्रमाणे, नोंदणी करण्याजोगे पण न नोंदलेले डिझाईन यंत्रावर पन्नासाहून अधिक वेळा निघाले की त्यावरचा कॉपीराइट संपतो. पॉवरलूमवर पन्नास नग म्हणजे काय, हे आम्ही सांगण्याची गरज नाही. सगळीच डिझाईन नोंदवा असे आम्ही म्हणत नाही; तो खर्च परवडणार नाही. पण सीझनची जी दहा-पंधरा खरोखर स्वतःची असतील त्यांचा अर्ज आधी आणि फोटो नंतर, हा क्रम ठेवावा.

फोटोचा हक्क मात्र वेगळा. आपल्या सांगण्यावरून आणि आपल्या पैशाने काढून घेतलेल्या फोटोचे पहिले मालक आपण, जर फोटोग्राफरशी उलटा करार नसेल तर. आणि २०१२ च्या दुरुस्तीने त्या कायद्यात आलेल्या पासष्ट ख कलमाप्रमाणे फोटोवरची मालकाची माहिती जाणूनबुजून काढणे हा गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड अशी शिक्षा आहे. पुसलेल्या ठप्प्याचा उपयोग इथे होतो. पण त्यासाठी मूळ कोरा फोटो, त्याची तारीख आणि फोटोग्राफरचे बिल आपल्याकडे जपलेले पाहिजे.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही लेखणी हातात घेतली तिच्याकडे येऊ. आज आपल्या मोहल्ल्यामोहल्ल्यात बायका घरबसल्या फोटोंवर साड्या आणि ड्रेस मटेरियल विकतात. होलसेलरकडून फोटो घ्यायचा, नातेवाईक आणि शेजारणींना पाठवायचा, शंभर-दीडशे रुपये चढवून ऑर्डर घ्यायची. यात कुणाची मुलाची फी निघते, कुणाचे घरभाडे. होलसेलरने फोटोवर आपला फोन नंबर घातला की ही बाई त्या व्यवहारातून उडाली. गिऱ्हाईक सरळ पेढीला फोन करते, आणि पेढीवाले एक साडीही घाऊक भावाने देऊन मोकळे होतात. ज्या बाईने गिऱ्हाईक आणून दिले तिला काय मिळाले? आमच्या मते फोटोवर नंबर घालणे म्हणजे आपल्याच दलालाची दलाली मारणे आहे. ठप्प्यात पेढीची खूण आणि डिझाईन नंबर एवढेच असावे. नंबरावरून पेढीला आपला माल कळतो आणि बाईची रोजीही शाबूत राहते. नियमित माल उचलणाऱ्या बायकांसाठी तर बॅचने त्यांच्या नावाचा वेगळा संच काढून देता येतो. ॲक्शनमध्ये एक चित्र बदलायचे, बाकी काम संगणकाचे. ऑनलाईन बाजारासाठी तसाही कोरा संच लागतोच, कारण ॲमेझॉनसारखे बाजार मुख्य फोटोवर नाव, मजकूर किंवा वॉटरमार्क चालू देत नाहीत.

आणि शेवटचा प्रकार सर्वांत वाईट. गेल्या सीझनला आमच्याच गाळ्यात काढलेला फोटो एका दलालाने आम्हाला 'नवीन माल' म्हणून दाखवला. सतरंजीची किनार आमची, टेबल आमचे, वर ठप्पा दुसऱ्याच पेढीचा. विचारले तर त्या पेढीवाल्यांनी शांतपणे सांगितले, की मुलाने पूर्ण फोल्डरवर ठप्पा मारला, त्यात तो आला असेल. आम्ही ते खोटे मानत नाही. मोबाईलमध्ये दिवसभर आलेले सगळे फोटो एका फोल्डरमध्ये पडतात. आपले, पुरवठादाराचे, परक्याचे. बॅच विचारत नाही की हा माल कोणाचा. ती मारत सुटते. पूर्वी थानावर शिक्का मारणारा हमालसुद्धा परक्याच्या गाठीवर शिक्का मारत नसे, कारण गाठ त्याच्या डोळ्यांसमोर असे. त्या खोट्या ठप्प्यावर कुणी आगाऊ पैसे पाठवले आणि हातात हलका माल आला, तर फसवणूक त्या गिऱ्हाईकाची होते आणि बदनामी पूर्ण बाजाराची.

यावर उपाय कठीण नाही. मोबाईलमधून आलेला फोल्डर सरळ बॅचला देऊ नये. स्वतः काढलेल्या फोटोंचा फोल्डर वेगळा, तारखेचा आणि डिझाईन नंबराचा, आणि ठप्पा फक्त त्यावर. पुरवठादाराचा फोटो पुढे पाठवायचा तर त्याला विचारून आणि त्याची खूण ठेवून. हे काम पंधरा वर्षांच्या मुलावर न सोडता पेढीच्या जबाबदार माणसाने रोज एकदा पाहावे. चोपडी जशी पाहतो तशी. बाजारांच्या संघटना दिवाळी-ईदचे बोनस आणि मार्केटच्या वेळा यांवर बैठका घेतात. एखादी बैठक फोटोवर घेऊन गाळ्यांतल्या मुलांना दोन तास फोल्डर लावणे, ॲक्शन टिपणे आणि मूळ प्रत जपणे शिकवले, मराठीत आणि उर्दूत, तर पुढच्या सीझनचे कॅटलॉग निघण्यापूर्वी हे काम होऊन जाईल.