वासावरून प्लास्टिक ओळखणारे अब्बा

आमच्या उर्दू शाळेत मी मराठीही शिकवतो. 'माझे वडील' या विषयावर सातवीतल्या एका मुलाने लिहिले, "माझे अब्बा प्लास्टिकचा तुकडा पेटवतात आणि वास घेऊन माल ओळखतात." मी शाबासकी दिली. घरी आल्यावर मात्र ते वाक्य मनातून जाईना.

जुन्या टीव्ही-कॉम्प्युटरच्या काळ्या बॉडीला सहज आग लागू नये म्हणून त्यात ब्रोमीनयुक्त ज्वालारोधक रसायने मिसळली जात. कधी कधी वजनाच्या १० टक्क्यांहूनही जास्त. यांपैकी पीबीडीई नावाची रसायने प्लास्टिकला रासायनिकरीत्या जोडलेली नसतात. ती हळूहळू सुटून धुळीत येतात, शरीरातल्या चरबीत साठतात, आईच्या दुधातही उतरतात. थायरॉईड आणि लहान मुलांच्या मेंदूची वाढ यांना त्यांचा धोका आहे. असे प्लास्टिक उघड्यावर जाळले की डायऑक्सिनसारखी विषेही तयार होतात. त्या मुलाचे अब्बा रोज नाकाशी धरतात तो हाच धूर.

कायदा नाही असे नाही. २०११ च्या ई-कचरा नियमांपासून नव्या उपकरणांत पीबीडीईला ०.१ टक्क्याची मर्यादा आहे. पण जुनी टीव्हीची बॉडी दळून, वितळवून खेळण्यातली साधी काळी गाडी झाली, की तो नियम तिथे पोहोचत नाही. विष भंगारातून निघून पुन्हा मुलाच्या हातात येते.

मग ओळखायचे कसे? मिठाच्या दाट पाण्यात साधे प्लास्टिक तरंगते, ब्रोमीन असलेले जड प्लास्टिक बुडते. बुडाले म्हणजे ब्रोमीन आहेच असे नाही, पण पहिली निवड बिनधुराची होते. एक्सआरएफ नावाचे हातातले यंत्र तुकडा न जाळता काही सेकंदांत ब्रोमीन दाखवते. नेमके रसायन कोणते, हे मात्र प्रयोगशाळेतच कळते.

"हे धंदेच बंद करा," असे सांगणारे पुष्कळ भेटतात. भंगारवाला शहराचा कचरा उपसतो आणि शिव्याही तोच खातो. धंदा बंद झाला तर त्या मुलाच्या घरची चूल कोण पेटवणार? २०२२ च्या नियमांनी ई-कचऱ्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. मग प्रत्येक भंगार मोहल्ल्यात एक तपासणी केंद्र, एक यंत्र आणि ब्रोमीनवाला माल योग्य भावाने वेगळा उचलण्याची सोय त्यांच्याच पैशातून व्हायला हवी. आपल्या वस्तीतल्या मालकांनीही कारागिरांना जाळून पाहायला लावणे आजपासून थांबवावे. मिठाला आणि बादलीला किती खर्च येतो?

त्या अब्बांच्या हुनराला माझा सलाम आहे. मात्र त्यांच्या मुलाने तो हुनर नाकाने शिकू नये.